खंडूअण्णांचं नाक

कंपनीच्या बसमध्ये खंडूअण्णांच्या शेजारी बसायचं तर माणूस निगरगट्टच हवा. मी संत तुकाराम नगरला चढायचो, ते पुढे मोशीला. चढले की सरळ माझ्याकडे यायचे, माझ्या मांडीवरची बॅग उचलून स्वतःच्या मांडीवर घ्यायचे आणि चेनसुद्धा न उघडता तिला नाक लावायचे. मग निकाल लागायचा. "गवार. लसूण करपलाय. सकाळी सकाळी भांडलात का रं?" मागच्या सीटवरचे खो खो हसायचे. आणि मला कबूल करायला आवडत नाही, पण बहुतेक वेळा आम्ही भांडलेलोच असायचो.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं. मी परचेसमध्ये, ते स्टोअरमध्ये. अण्णा मूळचे मोशीचे, जुन्या शेतकरी घरातले. शेती होती तोवर केली, मग चारी बाजूंनी इमारती आल्या. शेताच्या जागी त्यांनी खोल्यांची चाळ बांधली, रस्त्याकडेचा एक तुकडा मोकळा ठेवला आणि स्वतः कंपनीत लागले. जमिनीबद्दल उसासे टाकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीतून हात मागे बांधून चक्कर मारायचे. एका दारात मोहरीच्या तेलाचा वास, दुसऱ्या दारात काळ्या मसाल्याचा, तिसऱ्यात खोबरेल. "पयलं निस्ता कांद्याचा वास यायचा," म्हणायचे, "आता समदा मुलूख येतो. मी कुठं जायाची गरज न्हाई."

नम्रपणा वगैरे भानगड त्यांच्यात नव्हती. आपल्या नाकाचा त्यांना भयंकर गर्व होता आणि तो ते लपवत नसत. "जिभंला लाज असती राव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पावण्याच्या घरी जीभ वाईटाला बी चांगलं म्हणती. नाकाला लाज न्हाई." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा त्यांनी अख्खी लाइन बंद पाडली होती. "काय तरी जळतंय," म्हणत स्टोअरमधून धावत आले आणि लाल बटण दाबलं. मेंटेनन्सवाले पळाले, मोटारी तपासल्या, वायरी चाचपल्या, सगळं ठीक. शेवटी कळलं, की प्लँटच्या साहेबांनी केबिनमध्ये नवीन टोस्टर आणला होता आणि त्यात ब्रेड अडकून काळा ठिक्कर पडला होता. साहेब संतापले. अण्णा त्यांच्यासमोर टोपी नीट करत उभे. "पर जळत हुतंच ना, साहेब?" एवढंच म्हणाले. त्यानंतर टोस्टर घरी गेला आणि अण्णा स्टोअरला.

पण त्या नाकाचा खरा मान कंपनीत नव्हता, गावात होता. त्यांच्या आळीतल्या विठोबाच्या देवळात दर वर्षी सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग भंडारा. मोठाल्या काहिलीत आमटी रटरटत असते. इथे एक नियम फार कडक: देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत काहिलीतला थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही, सगळं उष्टं होतं. म्हणजे एवढ्या गावाची आमटी, आणि मीठ पडलंय का हे चाखून बघायची सोय नाही. तिथे अण्णांचं काम. ते काहिलीशी उभे राहायचे, वाफेत तोंड घालायचे, डोळे मिटायचे. सगळे आचारी गप्प. मग अण्णा ओंजळ पुढे करून म्हणायचे, "अजून एक पसा." कधी, "बास." त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच करायचे.

पहिल्यांदा मला जेवायला नेलं तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अण्णा, मिठाला वास नसतो. शाळेत शिकवलंय."

"मिठाला नसतो," ते म्हणाले. "पर मीठ कमी पडलेल्या आमटीला असतो. तुझ्या मास्तरनं आमटी केली हुती का कदी?"

त्या दिवशी आमटी अशी झाली होती की मी तीनदा मागून घेतली. त्यानंतर दर वर्षी मी भंडाऱ्याला ठरलेला.

मग तापाची एक साथ आली. अण्णा बरेच दिवस घरी होते. परत बसमध्ये चढले तेव्हा वाळले होते, पण आवाज तोच. माझी बॅग मात्र उचलली नाही. "नाक चोंदलंय," म्हणाले. पुढच्या आठवड्यातही चोंदलेलंच. लोक चिडवायला लागले तशी त्यांनी पुन्हा बॅग घ्यायला सुरुवात केली, आणि एके दिवशी नाक टेकवून जाहीर केलं, "भेंडी." त्या दिवशी मी डबा घरीच विसरलो होतो. बॅगेत छत्री होती आणि एक फाइल.

मी म्हणालो, "हो अण्णा, भेंडीच."

माझ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसले.

त्या वर्षीही भंडाऱ्याला ते काहिलीशी उभे राहिले. डोळे मिटले, वाफ घेतली, "बास" म्हणाले. नैवेद्य झाला, पंगत बसली. मी पुरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला आणि हात थांबला. आमटी ठार आळणी. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळे खाली मान घालून जेवत होते. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, हा दुसरा नियम, पहिल्याहून कडक. माझ्या शेजारची म्हातारी तर म्हणाली, "गोड झालीय हो, माउलीची कृपा." मग तिने द्रोण हळूच पानाच्या पलीकडे सरकवला.

वाढपी शेवटी जेवतात. मी हात धुवायला मागे गेलो, तर वाढप्यांसाठी काढून ठेवलेल्या पातेल्याशी पारूवहिनी. अण्णांची बायको. गळ्यात तुळशीची माळ, पदर खोचलेला. इकडेतिकडे बघत त्या पदराआडून मीठ काढून पातेल्यात घालत होत्या आणि डावानं ढवळत होत्या. मला पाहून थबकल्या.

"काय बोलू नका, भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांना वास येत न्हाई. दूध करपलं तरी तितंच बसल्यालं असत्यात. त्यांनी मला सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई."

थोड्या वेळाने वाढप्यांबरोबर बसून अण्णा त्याच पातेल्यातली आमटी भुरकून खात होते. खारट-गोड त्यांच्या जिभेला कळायचं, गेला होता तो वास. "जमलीय," म्हणाले. सगळ्या गावाने माना हलवल्या.

आता यात बिअर कुठून आली ते सांगतो.

रस्त्याकडेचा जो तुकडा अण्णांनी ठेवला होता, तो त्यांनी ऋषीला भाड्याने दिला. ऋषी मूळचा लातूरकडचा, तिशीतला, आयटीतली नोकरी सोडून आलेला. त्याला बिअर स्वतः गाळून विकायची होती. शेडमध्ये स्टीलच्या चकचकीत टाक्या आल्या. पारूवहिनींना हे पटणं शक्यच नव्हतं. अण्णांनी समजूत घातली, "अगं, बार्ली म्हंजे आपला सातूच. सातूचं पाणी हाय ते."

"सातूचं पाणी पिऊन माणसं रस्त्यात गाणी म्हणत न्हाईत," वहिनी म्हणाल्या. पण जागा दिली गेली, कारण पोरगं सरळ होतं आणि वहिनींना रोज विचारून पाणी भरायचं.

दुकान उघडायच्या आधी ऋषीने एका रविवारी दुपारी चव बघायला माणसं बोलावली. जुन्या ऑफिसातले मित्र-मैत्रिणी, आणि अण्णा. गावातल्या कुणीतरी त्याच्या कानावर अण्णांच्या नाकाची कीर्ती घातली होती. कुठली बिअर आधी विकायला काढायची ते अण्णा ठरवणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"तू चल रं माज्यासंगं," अण्णा मला म्हणाले. "मला त्यांचं इंग्रजी कळत न्हाई." मी म्हटलं बरं. वाटेत मात्र इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "आन् असं कर, आधी तू हळू बोल. मंग मी बोलतो." तेव्हा माझ्या लक्षात आलं मला का आणलंय ते. भेंडीच्या दिवसानंतर पहिल्यांदा ते त्या गोष्टीच्या इतक्या जवळ आले होते.

लांब टेबल, प्रत्येकापुढे लाकडी पट्टीत चार छोटे ग्लास, शेजारी एक कार्ड. कार्डावर कुठल्या ग्लासात कुठला वास येईल ते छापलेलं. ती मंडळी कार्ड वाचायची, ग्लास गोल फिरवायची, आणि कार्डावरचंच बोलायची. "आंबा येतोय, ना?" "देवदार, थोडासा." मला पहिल्यांदा नुसता बिअरचाच वास आला. दुसऱ्या ग्लासाला मात्र काहीतरी ओळखीचं होतं. मी पुटपुटलो, "अण्णा, धने."

अण्णांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. काहिलीपुढे उभे राहायचे तेच ध्यान. "ह्यात धनं हायत," ते म्हणाले.

ऋषी उडालाच. "बघा, काय की बाई नाक म्हणावं! धने टाकायलो हो मी ह्यात, कार्डावर लिवलं बी नव्हतं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी टोपी नीट केली. मला टेबलाखालून गुडघ्याने ढोसलं. खरं सांगतो, माझ्या आयुष्यात माझ्या नाकाला टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच, आणि त्याही दुसऱ्याच्या नावावर.

काळी बिअरही निभावली. मग चौथा ग्लास. फिकट सोनेरी. ऋषी म्हणाला, "ही माझी लाडकी हो अण्णा. उद्घाटनाला हीच लावणार. ह्या टाकीसाठी सगळं पणाला लावलंय मी."

मी ग्लास नाकाशी नेला आणि थेट कंपनीच्या कँटीनच्या मागच्या दारात पोहोचलो. शिजवलेला कोबी. झाकण ठेवून उकडलेला, गार झालेला कोबी. मी समोर बघितलं. ती मंडळी एकेक घोट घेत होती. "छान आहे." "वेगळीच आहे." "हलकी आहे, उन्हाळ्यात चालेल." ऋषी प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेने बघत होता.

"बोल की," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले.

"छान आहे," मी म्हणालो. तो पोरगा समोर उभा होता हो, काय बोलणार.

अण्णांनी ग्लास उचलला, पण नाकाशी नेला नाही. ते टेबलाकडे बघत होते. प्रत्येकापुढचे तीन ग्लास रिकामे होते आणि चौथा एक घोट घेऊन तसाच ठेवलेला. अण्णांची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेली. मग ग्लास खाली ठेवून ते मला अगदी हळू म्हणाले, "राव, भंडाऱ्याला आमटीचं द्रोण असंच भरल्यालं राहिलं हुतं. पत्रावळ्या उचलताना म्या बघितलं. मला वाटलं, औंदा बुंदी जास्त झाली."

मी कार्ड उलटं करून ठेवलं.

"आळणी हुती?"

त्यांच्याशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "हो अण्णा," मी म्हणालो. "आळणी होती."

"समद्यांना कळलं?"

"हो."

"मंग मला कशी बरोबर लागली?"

"तुमच्या पातेल्यात वहिनींनी मीठ टाकलं होतं."

अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ऋषी येऊन उभा राहिला. "मग अण्णा? काय म्हणतंय नाक?" टेबलावरच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी 'छान' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. मान राहिला असता, पोरगं खूश झालं असतं, आम्ही घरी गेलो असतो.

अण्णा उभे राहिले. "ऋषी, हिकडं बघ, लेकरा. मला वास येत न्हाई. त्या तापात गेला तो आलाच न्हाई. मगाशी धनं सांगितलं ते ह्या गड्यानं सांगितलं, म्या न्हाई."

कुणीतरी हसलं आणि मग त्याला कळलं की ही गंमत नाही.

"पर डोळं हायत मला," अण्णा पुढे म्हणाले. "तुजी शेवटची कुणी प्यालं न्हाई. गिलास बघ. आन् तोंडानं समदे चांगलं म्हंत्यात. माझ्या गावानं बी मला असंच सांभाळलं, मायेनं सांभाळलं, आन् एवढ्या माणसांनी आळणी खाल्लं. तुजं तसं होऊ नये. ह्यांना आता पुन्ना इचार. आन् तुमी, बाबांनो, खरं सांगा. पोरगं दुकान उघडतंय."

सगळे माझ्याकडेच का बघायला लागले, देव जाणे. मी म्हणालो, "कोबी. शिजवलेल्या कोबीचा वास येतोय."

"हो," पलीकडची मुलगी लगेच म्हणाली, "मला उकडलेल्या मक्याचा." मग एकेकाला कंठ फुटला. ऋषीने स्वतःचा ग्लास उचलून बराच वेळ हुंगला. दिवसरात्र त्याच शेडमध्ये राहून त्याला तो वास येईनासा झाला होता. शेवटी कपाळावर हात मारून खाली बसला. "झाकण," म्हणाला. "उकळताना झाकण ठेवलतो मी. गॅस वाचंल म्हणून. ते उघडं ठेवायचं असतंय, वास उडून जायला पाहिजे." त्याचा चेहरा पडला होता, पण जरा वेळाने स्वतःच म्हणाला, "ओतून देतो. परत लावतो. आज उघड झालं ते बरं झालं, उद्घाटनाला झालं असतं तर मेलो असतो की."

मला तेव्हा अण्णांचा फार अभिमान वाटला. ज्या एका गोष्टीवर माणसाने आयुष्यभर मिशीला पीळ दिला, ती गेली हे परक्या पोरांच्या घोळक्यात उभं राहून सांगायचं, आणि तेही कुणी पकडलेलं नसताना. माझ्याच्याने नसतं झालं.

परतताना ते चाळीच्या तोंडाशी थांबले. मग म्हणाले, "येवढ्या लोकांनी माझं नाक राखलं. ह्याची लाज वाटून घ्यावी का बरं वाटून घ्यावं, मला कळंना झालंय."

घरी पारूवहिनी तांदूळ निवडत होत्या. अण्णा उंबऱ्यातूनच म्हणाले, "मीठ तू टाकलंस?"

वहिनींनी माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. "टाकलं."

"सांगितलं न्हाईस मला."

"तुमी कुटं सांगितलंत?" वहिनी म्हणाल्या. अण्णा त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि ताटातले खडे वेचायला लागले. मी चहाची वाट न बघता निघालो.

थोड्याच दिवसांनी सप्ताह बसला. अण्णांनी देवळात सगळ्या आळीला सांगून टाकलं, की या वर्षी काहिलीशी मी नाही, ही उभी राहील. जुनी मंडळी कुरकुरली. भंडाऱ्याच्या काहिलीशी बाई कधी उभी राहिली नव्हती. "रोजचा निवद देव कुणाच्या हातचा खातो?" अण्णांनी विचारलं. "माज्या व्हय?" मग पारूवहिनी पदर खोचून वाफेपुढे उभ्या राहिल्या, आणि त्या "अजून एक पसा" म्हणाल्या तेव्हा ओंजळीने मीठ टाकलं ते अण्णांनी.

नैवेद्य झाला, पंगत बसली. अण्णांनी कीर्तनकारांचा माइक घेतला. "गेल्या साली आमटी आळणी हुती. मला वास येत न्हाई, म्हून झाली. तुमी गपगुमान खाल्लीत, तुमचं उपकार हायत. पर औंदा गप बसायचं न्हाई. प्रसाद देवाचा, आमटी आमची. आमटीला नावं ठिवा." पंगतीत आधी खसखस पिकली, मग चांगलं मोठ्याने हसणं झालं. मागच्या वर्षीची ती म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती.

त्यानंतर मी रिटायर झालो आणि मुलीकडे नाशिकला राहायला आलो. अण्णांचा फोन येतो. ऋषीचं बरं चाललंय म्हणतात, उकळताना झाकण उघडं असतं म्हणतात. नाकाचं मी विचारत नाही, तेच सांगतात, "न्हाई बाबा अजून." पण फोन ठेवला की मला दिसतात ते भंडाऱ्याच्या त्या दुपारचे अण्णा.

माइक ठेवून त्यांनी मिठाची वाटी उचलली होती. पंगतीत मीठ वाढायचं काम कुणी मानाचं समजत नाही, ते कुणाच्याही हातात देतात. अख्ख्या गावाचं मीठ ठरवणारा माणूस वाटी घेऊन एकेका पानापुढे वाकत येत होता. "मीठ लागतंय का, माउली? लागतंय का?" माझ्यापुढे आले तेव्हा घाम टिपत म्हणाले, "कशी झालीय रं?"

मी पुन्हा एकदा भुरका मारला. पलीकडे काहिलीजवळ पारूवहिनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडेच बघत होत्या.

"चांगली झालीय," मी म्हणालो. "पण मीठ किंचित कमी आहे, अण्णा."

अण्णांचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी तो तापानंतर कधी पाहिला नव्हता. मागे वळून त्यांनी हाक दिली, "ऐकलंस का गं? कमी हाय म्हंतोय." मग वाटीतलं चिमूटभर मीठ माझ्या पानावर ठेवलं आणि शेजारच्या पानापुढे वाकले.